‘गरज नसताना एसएमपीएस गळ्यात मारला’ या आपल्या अभिप्रायाबाबत

आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एकच तारा देऊन लिहिले आहे की, ५०० रुपयांचे काम सांगून ३,८०० रुपयांचे बिल केले, गरज नसताना आणि न विचारता नवीन एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) गळ्यात मारला आणि दोन तासांच्या कामाला सहा दिवस लावले. सहा दिवस लागले हे खरे आहे. शनिवारी आपले दोन फोन आमच्याकडून उचलले गेले नाहीत, हेही खरे आहे. त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. मात्र ‘गळ्यात मारला’ हे शब्द फार लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या चिरंजीवांचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, म्हणजे साधारण २०१३-१४च्या काळातला. त्यावर थ्रीडी ड्रॉइंगचे रेंडर (ड्रॉइंगवरून पूर्ण चित्र तयार करणे) होत नाही म्हणून आपण पुण्याहून एकाकडून वापरलेले रेडिऑन आरएक्स ५८० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड साडेपाच हजारांना घेतले आणि मंगळवारी मशीनसह आमच्याकडे दिले. अख्खे मशीन नवीन घेण्यापेक्षा जुन्यात चांगले कार्ड बसवून दोन-तीन वर्षे काढावीत, हा आपला विचार योग्यच होता आणि मी तो काउंटरवर आपल्याला बोलूनही दाखवला होता. ५०० रुपये सांगितले ते कार्ड बसवणे, साफसफाई आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलणे एवढ्याचे. त्यात आम्ही एक पैसाही वाढवलेला नाही. कार्डाची आतली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती खरवडून नवीन लावल्यावर भर कामात ८८ अंशांवर जाणारे तापमान ७४ वर आले.

आता एसएमपीएसविषयी. आपल्या जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिले आहे आणि ‘४५० पुरत असताना नवीन कशाला’ असे आपण म्हणता. पण तो आकडा ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा सगळ्या लाइनींची मिळून केलेली बेरीज असतो, तर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. त्याच स्टिकरवर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर छापले आहे. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. आपले कार्ड पूर्ण जोरात एकटे १८५ वॅट मागते आणि प्रोसेसर ८४. मेळ कसा बसणार? शिवाय कार्डाला आठ पिनांची जोडणी लागते, ती या एसएमपीएसला मुळातच नाही. म्हणून कार्डासोबत आलेल्या कन्व्हर्टरने हार्डडिस्कच्या दोन जोडण्यांवरून वीज घ्यावी लागत होती.

तरीही आम्ही लगेच नवीन वस्तू सुचवली नाही. गुरुवारी आपल्याच एसएमपीएसवर रेंडर लावले, तर चौथ्या मिनिटाला स्क्रीन काळी होऊन मशीन रिस्टार्ट झाले. दुकानातला ५५० वॅटचा एसएमपीएस तात्पुरता लावला, तर तेच रेंडर दीड तास न थांबता चालले. पुन्हा आपला लावला, पुन्हा बंद. असे तीन वेळा केले आणि तिसऱ्या वेळी त्या कन्व्हर्टरचे पांढरे प्लास्टिक पिवळ्या वायरीजवळ तपकिरी पडलेले धाकट्या भावाला दिसले. त्या क्षणी आम्ही थांबलो. ते तसेच जोडून पाठवले असते, तर बिल ५०० रुपयेच झाले असते, पण घरात रात्रभर रेंडर लावून मुलगा झोपला असता आणि वायर जळाली असती, तर आम्ही कोणाला तोंड दाखवणार होतो?

शुक्रवारी संध्याकाळी मी आपल्याला फोन केला. आपण कावळा नाक्याजवळ गाडीत होतात, आवाज मधूनमधून तुटत होता. मी ‘सव्वातीन हजारांच्या आसपास जातील’ असे सांगितले आणि ‘मुलाचं सबमिशन आहे, करून टाका’ असे आपण म्हणालात, असे मी ऐकले. कदाचित रक्कम आपल्यापर्यंत नीट पोहोचली नसेल. तेवढी चूक माझी, मी ती लिहून पाठवायला हवी होती. एसएमपीएस आपल्याला ३,३०० ला दिला. आमचे खरेदीचे बिल ३,०५० चे आहे आणि ते आपण केव्हाही येऊन पाहू शकता. त्याची तीन वर्षांची वॉरंटी आपल्या नावावर आहे.

कार्ड घेण्यापूर्वी एकदा विचारले असते, तर जीटीएक्स १६५० या ग्राफिक्स कार्डाचे वेगळी वायर न लागणारे मॉडेल मी सुचवले असते. ते ७५ वॅटमध्ये, कार्ड ज्या खाचेत बसते त्या नुसत्या स्लॉटच्या विजेवर चालते आणि कदाचित हा खर्च टळला असता. हे आपल्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही, पण कार्ड हातात आल्यावर आमच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता.

राजारामपुरीत आम्ही दोघे भाऊ १४ वर्षे हेच काम करतो आणि दोन्ही घरे यावरच चालतात. आपला अभिप्राय वाचून पंधरा दिवसांत दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोनवर विचारले, ‘तुम्ही न विचारता पार्ट बदलता काय?’ त्यांना उत्तर देताना काय वाटले, ते इथे लिहीत नाही.

यापुढे वाढीव खर्च व्हॉट्सअॅपवर लिहून कळवण्याचा आणि फोनचेही काहीतरी नीट बघण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपला जुना एसएमपीएस आणि तो तपकिरी पडलेला कन्व्हर्टर आपल्या नावाची चिठ्ठी लावून काउंटरखालच्या कप्प्यात ठेवला आहे. चिरंजीवांना घेऊन एकदा यावे. दोन्ही आपल्या हातात देतो आणि हवे असल्यास तीच चाचणी आपल्यासमोर पुन्हा करून दाखवतो.