‘फ्राय बंद’ म्हणजे नक्की काय बंद?

गेल्या महिन्यात बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, “काका, फ्राय आयटम बंद.” बाबांनी ते अक्षरशः पाळलं. अख्खा जन्म ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात काढलेला माणूस, पण सुरमई फ्राय सोडली. हॉटेलात गेलो तर दाल फ्रायलाही नको म्हणाले. आणि परवा दुपारी मी ऐरोलीहून न सांगता जाऊन धडकले, तर स्वारी कोथिंबीर वडी हाणतेय! चौथी की पाचवी होती. “बाबा, हे काय?” तर शांतपणे म्हणतात, “ही फ्राय कुठाय? ही तळलेली आहे.”

आधी हसले. मग वाटलं, माणूस फार चुकीचं बोलत नाहीये. आपल्याकडे फ्राय या शब्दाने जो काही धुमाकूळ घातलाय!

दाल फ्रायच घ्या. त्यात डाळ कोण तळतं? नेरूळच्या एका हॉटेलात मी वेटरला मुद्दाम विचारलं होतं की दाल फ्राय आणि दाल तडक्यात फरक काय. ऑर्डर लिहिता लिहिता तो म्हणाला, “ताई, फ्रायमध्ये डाळ फोडणीत जाते, तडक्यात फोडणी डाळीवर येते.” इतकी नेटकी व्याख्या मी कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात वाचलेली नाही. (दोन्ही वाट्यांची चव एकच लागली, ते सोडा.)

बरं, इंग्रजांकडे तरी हा शब्द धड आहे का? मूळ लॅटिन क्रियापदातच भाजणं आणि तळणं दोन्ही होतं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि गोंधळ सोबत घेऊन आलं. माझा आतेभाऊ मेलबर्नला नवीन असताना त्याने मेनूवर ‘लॅम्ब्ज फ्राय’ वाचून मटण सुक्यासारखं काहीतरी येईल म्हणून मागवलं. आली कलेजी. ऑस्ट्रेलियात त्या शब्दाचा अर्थच कलेजी. अमेरिकेत ‘लॅम्ब फ्राइज’ मागवलं असतं तर त्याहून खालचा अवयव आला असता. मुंबईत गुर्दा-कपुरा खाणाऱ्यांना कळलं असेल, बाकीच्यांनी घरी विचारू नये. आणि मत्स्यशेतीवाल्यांकडे फ्राय म्हणजे बोटुकलीहूनही लहान असलेलं माशाचं पिल्लू. तो शब्द वेगळ्याच मुळातून आलाय, पण कानाला काय कळतंय!

आपल्याकडे मात्र बघा. कांदा परततो, शेंगदाणे भाजतो, पापड शेकतो, वडे तळतो, वरणाला फोडणी देतो. प्रत्येकात तेल किती, आच किती हे त्या क्रियापदातच आलं. आणि आता यूट्यूबवरच्या मराठी ताई म्हणतात, “कांदा छान फ्राय करून घ्यायचाय.” म्हणजे किती तेलात, बाई?

हे सगळं तावातावाने मी आमच्या नेहमीच्या कोळीणमावशींना ऐकवत होते. त्या बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग तू बोंबील काय करतेस?” मी म्हटलं, तळते. “कढईत?” नाही, तव्यावर. बोंबलात पाणी फार, म्हणून ते चिरून, उघडून, वर पाटा ठेवून दाबायचे, तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि तव्यावर थोडं तेल सोडून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायचे. त्यालाही आपण तळणंच म्हणतो. म्हणजे दोन चमचे तेलही तळणं आणि कढईभर तेलही तळणंच. माझी हवाच गेली.

तरी ‘तळण’ म्हटलं की कढईच डोळ्यांसमोर येते, एवढं मावशींनीही मान्य केलं. वडा सोडला की तेल जे फसफसतं ते वड्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. ती वाफ आहे तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बरंचसं तेल वडा बाहेर काढल्यावर, गार होताना आत ओढलं जातं. आजी झारा कढईच्या काठावर ठकठक आपटायची ते उगाच नव्हे.

वडीचं ताट उचललं तेव्हा भावाने तोडगा काढला, एअर फ्रायर घेऊ. फिलिप्सने २०१० मध्ये हे यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून नावात फ्रायर आहे, पण आत फक्त गरम हवा जोरात फिरते. छोटी भट्टीच ती. म्हणजे ज्यात तळत नाहीत त्याचं नाव फ्रायर आणि जी तळलेली आहे ती वडी बाबांच्या मते फ्राय नाही!

शेवटी मीच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं: ‘कढईत तळलेलं बंद. तव्यावर चमचाभर तेलात, आठवड्यातून एकदा. वड्या उकडलेल्या, तशाच खायच्या.’ पुढच्या वेळी तपासणीला गेलो तेव्हा तोच कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांना पटला.

बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, “वड्या उकडलेल्या, ठीक. पण वरून फोडणी दिली तर?”