पहाटे साडेपाचचा मोदक

जुन्या पुण्यात काळाचे दोनच भाग: पानशेतच्या आधीचा आणि नंतरचा. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, ते आमच्या आत्याच्या कॅलेंडरचं पहिलं पान. ‘आमचा वाडा पुराआधीचा हो,’ असं ती अजून ठसक्यात सांगते.

संगणकाचं पानशेत म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. वार गुरुवार, म्हणजे हल्लीच्या पुण्यात वीज नाहीतर पाणी नसण्याचा. तिथपासून किती सेकंद झाले, तो आकडा म्हणजे युनिक्स टाइमस्टॅम्प. सध्या तो १७० कोटींच्या पुढे आहे. खुद्द पानशेत त्यात उणे २६ कोटी ७४ लाखांच्या आसपास येतं. हे आत्याला सांगायची माझी छाती नाही.

हे सगळं ज्ञान भाच्यामुळे. तो शिकायला आमच्याकडे कोथरूडला राहतो आणि गोडो नावाच्या, गेम बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ढोल-ताशा पथकाचा गेम करतोय. रोज गेम उघडला की एक मोदक बक्षीस. त्यासाठी आत्ताची वेळ कळली की झालं. ‘मामा, एका ओळीचं काम आहे,’ म्हणाला. तेव्हाच मी चहा टाकला.

जुन्या व्हिडिओत सांगितलं होतं, टाइमस्टॅम्प गोडोच्या ‘ओएस’ नावाच्या भागाकडे मागा. मागितला, तर लाल अक्षरांत एरर. गोडो ४ मध्ये ते काम ‘टाइम’कडे गेलंय. ही खिडकी बंद, पलीकडे चौकशी करा, अशातला प्रकार. फक्त पलीकडचे साहेब जेवायला गेलेले नव्हते, एवढंच.

मग त्याला ‘गेट टिक्स मिलिसेकंद’ सापडलं. आकडा भराभर पळताना बघून दोघंही खूश. पण ते मोजतं गेम सुरू झाल्यापासून. बंद करून उघडला की पुन्हा पहिल्यापासून. मग पठ्ठ्याने सिस्टिमची तारीख-वेळ डिक्शनरीत, म्हणजे वर्ष, महिना, तास अशा नावानिशी यादीत घेतली आणि तिचा टाइमस्टॅम्प केला. आकडा दिसायला एकदम खानदानी, फक्त १९,८०० सेकंद पुढे. डिक्शनरी वेळ देते इथली, आणि रूपांतर करणारं फंक्शन ती ग्रीनिचची समजून चालतं. साडेपाच तासांची गफलत.

शेवटी ‘गेट युनिक्स टाइम फ्रॉम सिस्टिम’ मिळालं. खरंच एक ओळ! अपूर्णांकात उत्तर देतं, तो कापून टाकला. ८६,४०० ने भागलं की दिवसाचा क्रमांक. क्रमांक वाढला की मोदक.

पण हा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्री बारा वाजता मोदकासाठी टपून बसलेले भाच्याचे मित्र खवळले. उपाय काय, तर भागण्याआधी १९,८०० मिळवायचे. ज्यांना काल हाकलून दिलं, त्यांनाच आज पाट मांडायचा!

त्याला आमच्या आईने मोडता घातला. ‘काही बदलू नकोस रे. पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. तुझ्या यंत्राला कळतं, ते तुम्हाला कळत नाही.’ ती पाचला उठते, साडेपाचला मोदक घेते, मग दूध तापवते. आजीपुढे भाच्याचं काय चालणार? मित्रांना ‘लवकर उठा’ असं कळवण्यात आलं.

पुढे तिनेच शोध लावला की ही वेळ शेवटी फोनच्याच घड्याळातून येते. सेटिंगमध्ये जाऊन ती एकेक तारीख पुढे सरकवत गेली आणि चार महिन्यांचे मोदक एका दुपारी पदरात पाडून घेतले. मग तारीख मुकाट्याने जागेवर आणली. पण शेवटचा मोदक कुठल्या दिवशी दिला ते गेमने लिहून ठेवलं होतं, आणि तो दिवस उलटेपर्यंत पुढचा मिळणार नव्हता.

‘आजी, आता चार महिने मोदक बंद,’ भाच्याने जाहीर केलं.

‘असू दे, चातुर्मास धरलाय म्हण,’ आई म्हणाली आणि माझा फोन मागून घेतला.