पांडबा कुणालाही मिळणार नाही

आज दुपारी एका गेमिंग कॅफेचा गूगल फॉर्म आला. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या धंद्यावर पाय नको. डी अँड डीची, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची वन-शॉट (एका बैठकीत संपणारी गोष्ट) रात्र, माणशी पाचशे, कोल्ड कॉफी फ्री. म्हटलं चला, कधीतरी आपणही नुसतं खेळायला बसू, दरवेळी गोष्ट चालवायची डीएमगिरी कशाला. नाव भरलं, फोन भरला, व्हेज-नॉनव्हेज भरलं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, टिक केल्याशिवाय सबमिट होतच नाही अशी, की सेशनमध्ये तयार झालेली सगळी पात्रं, कथानक, संवाद, नकाशे आणि रेकॉर्डिंग यांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. कायमचे. म्हणजे पाचशे रुपये मी द्यायचे, डोकं मी चालवायचं, आणि जे निघेल ते तुमचं?

मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, मॅम, इट्स जस्ट अ स्टँडर्ड क्लॉज. तेव्हापासून डोकं फिरलंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही (आई, तू पण वाच) त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम, आमच्यात ती मी. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. मी सांगते समोर नदी आहे, तुम्ही सांगता काय करणार, जमतंय का नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत, पण पुढच्या मिनिटाला काय होणार ते पुस्तकात नसतं, आणि खरं तर टेबलाभोवती बसलेल्यांनाही ते आधी माहीत नसतं, बोलता बोलता होतं.

आता काकांचा किस्सा. जुन्या मित्रांना पाठ आहे, परत ऐका.

काका म्हणजे आमच्या ठाण्याच्या मैत्रिणीचे वडील, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. एका रविवारी तिच्याकडे टेबल लागलं होतं, एकाने ऐनवेळी टांग मारली आणि काका तिथेच शब्दकोडं सोडवत बसले होते म्हणून त्याच्या पात्राचा, दांडगट लढवय्या बार्बेरियनचा, कागद त्यांच्या हातात दिला. विकत घेतलेलं अ‍ॅडव्हेंचर होतं. त्यात एक पूल, पुलाखाली ट्रोल नावाचा राक्षस, तो माणशी दहा सोन्याची नाणी मागतो, पोरं देत नाहीत, मारामारी. पुस्तकात एवढंच. मी ट्रोलचे हिट पॉइंट (किती मार खाईल तो आकडा) लिहून तयार, पोरांनी तलवारी काढलेल्या, आणि काका म्हणाले, "थांबा रे. दहा कशाचे? पावती देतो का तो?"

मी ट्रोलच्या आवाजात म्हटलं, पावती??

"पैसे घेतोस तर पावती द्यायची. वेबिल कुठाय तुझं? हाफ तिकीट आहे का? म्हातारी माणसं जातात पुलावरून, त्यांना सवलत काय?" आणि टाकला की फासा, सतरा. ट्रोल गारद. पुढचा सगळा वेळ आम्ही त्या पुलावरच, एक पाऊल पुढे गेलो नाही. ट्रोलचं नाव पांडबा पडलं, त्याला कंट्रोलरची केबिन मिळाली, गॉब्लिनच्या शाळकरी पोरांना पास सुरू झाले. ड्रॅगन राहिला बाजूला. आज आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणाऱ्या गोष्टीत, पांडबाचा स्वतःचा डेपो आहे, पोरं वाट वाकडी करून त्याला भेटायला जातात आणि सुटे नसले तर तो अजूनही ओरडतो.

तर सांगा मला, हा पांडबा कुणाचा? त्या फॉर्मप्रमाणे टेबल, फॅन आणि कोल्ड कॉफी ज्याची त्याचा. म्हणजे पत्त्यांचा कॅट विकणाऱ्याने रमीत जिंकलेले पैसे मागण्यातला प्रकार.

आणि हे कॅफेवाल्याने एकट्याने शोधून काढलेलं नाही, वरूनच आलंय. २००० साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे डी अँड डी ज्यांच्या मालकीचं त्या कंपनीने, ओपन गेम लायसन्स काढलं, की आमचे मूळ नियम घ्या, त्यावर तुमचं काही बनवा, विका. लोकांनी बनवलं, वीस वर्षं बनवलं, कित्येकांची घरं त्यावर चालली आणि कंपनीचं पुस्तकही त्यामुळेच खपलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या प्रेसिडेंट बाई गुंतवणूकदारांसमोर सांगतात की या ब्रँडमधून अजून पुरेसा पैसा काढलेला नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटतो. जुनं लायसन्स आता चालणार नाही, वर्षाची विक्री ७,५०,००० डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत आम्हाला, आणि तुम्ही जे बनवाल ते आम्हीही वापरू, कायमचं, एक पैसा न देता. नाव तुमचं राहील हां! किती उपकार.

हो, माहितीये, ते विकणाऱ्यांसाठी होतं, घरच्या टेबलासाठी नव्हतं. पण वृत्ती तीच ना.

तेव्हा लोकांनी काय केलं, तर डी अँड डी बियाँड या कंपनीच्याच वेबसाइटची सबस्क्रिप्शनं धडाधड कॅन्सल केली. आमच्या ग्रुपमध्येही केली, काकांच्या मुलीने सगळ्यात आधी. महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली, जुनं लायसन्स तसंच ठेवलं आणि वर नियमांचा चारशे पानांचा मूळ दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणीही वापरावं अशा खुल्या परवान्याखाली टाकला, आता तो परत घेता येत नाही. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते, कुणालाही कळलं नाही कशाचे.

पण त्या चारशे पानांतही एक गंमत आहे, गंमत कसली, संतापच येतो. खेळाच्या पुस्तकात एक मंत्र आहे, मेल्फचा अ‍ॅसिड बाण. दुसरा टेन्सरची तरंगती थाळी. हे मेल्फ-टेन्सर कोण? हा खेळ बनवणाऱ्या दोघांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, त्याच्या घरच्या टेबलावर खेळणारी त्याचीच पोरं! ल्यूकचा एल्फ म्हणजे मेल्फ, अर्नेस्टची अक्षरं फिरवून टेन्सर. जिम वॉर्ड नावाच्या खेळाडूचं नाव इंग्रजीत उलटं लिहून ड्रॉमिज. अमेरिकेत लेक जिनिव्हा गावातल्या त्याच्या टेबलावर झालेली थट्टामस्करी पुढे पुस्तकात छापली गेली. आणि खुल्या दस्तऐवजात बघा, नुसता अ‍ॅसिड बाण, नुसती तरंगती थाळी. नावं कंपनीने स्वतःकडे ठेवली. मंत्र घ्या, पोरांची नावं आमची!

क्लेरिक घ्या, खेळातलं देवाधर्माच्या बळावर लढणारं पात्र. खेळ बनवणारा दुसरा, डेव्ह आर्नेसन, त्याच्या टेबलावर एक खेळाडू व्हॅम्पायर झाला, सर फँग, आणि इतका माजला की त्याला आवरायला कुणीतरी क्रॉसबिस घेऊन उभं राहणारं पाहिजे म्हणून क्लेरिक आला. ज्यांनी बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळलंय त्यांची लाडकी ती फटकळ लेझेल, तिची गिथयांकी जमात चार्ल्स स्ट्रॉसने (पुढे लेखक झाला) शाळकरी वयात बनवली आणि ब्रिटनमधल्या मासिकात छापून आली होती. म्हणजे १९७४ पासून आजपर्यंत या खेळात जे जे जिवंत आहे त्यातलं कितीतरी कुठल्यातरी टेबलावरच्या कुठल्यातरी काकांनी पावती मागितल्यामुळे आलेलं आहे.

बरं, कंपनीने पुस्तकं सुंदर काढली, चित्रकारांना पैसे दिले, हा खेळ ठाण्यापर्यंत पोचला तो काही आपोआप नाही. मान्य. पुढे बोलू?

कॅफेवाल्यावर खरं तर एवढा राग नाहीये माझा, आता लिहिता लिहिता उतरला थोडा. भाडं भरतो बिचारा, रील टाकल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार कुठून, आणि ती ओळ त्याने कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलेली असणार. टेबल मांडून देणारे आधीच कमी आहेत आपल्याकडे. पण रेकॉर्डिंगची परवानगी पाहिजे तर परवानगी माग ना, मी हसत देईन. हक्क कशाला मागतोस? उद्या तिथे एखादी लाजरीबुजरी पोरगी पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी भन्नाट बोलणार, तिला ठाऊक तरी असेल का की ती ते तुला देऊन चाललीये?

संध्याकाळी काकांना फोन करून फॉर्म वाचून दाखवला. म्हणाले, "पांडबाची बदली परस्पर कशी करतील? ऑर्डर लागते." आणि मग जरा थांबून, "पण तो माझा पण नाही गं. पोरांना पास तू दिलेस, केबिन त्या चष्मेवाल्याने बांधली." बरोबर आहे, मी इतका वेळ काकांचा पांडबा, काकांचा पांडबा करतेय, आणि काका तो सगळ्यांना वाटून मोकळे.

तर ज्यांनी ज्यांनी तो फॉर्म भरलाय (ग्रुपमध्ये चौघांनी भरलाय, मला दिसतंय) त्यांनी कृपया आयोजकांना एक मेसेज टाका. भांडू नका, एवढंच लिहा की ती ओळ काढा आणि त्याजागी फोटो-व्हिडिओच्या परवानगीची ओळ टाका. ती बदलली तर मी स्वतः पाचशे भरून येते, डीएम कमी पडत असेल तर दोन टेबलं चालवून देते. नाही बदलली तर त्याच रात्री माझ्याकडे या, सहा खुर्च्या आहेत, कोल्ड कॉफी नाही, चहा आहे, आणि फासे ज्याचे त्याने आणायचे कारण माझे मांजराने सोफ्याखाली घातलेत.