बंद करा ते आरतीचं यंत्र!

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात कुणीतरी देणगी म्हणून ते विजेचं यंत्र आणून बसवलंय. बटण दाबलं की मोटर फिरते, दांडे नगाऱ्यावर आपटायला लागतात, जोडीला घंटा आणि झांज. सभामंडप केवढासा, त्यावर पत्रा. कानठळ्या बसतात! शेजारचा माणूस गातोय की नुसते ओठ हलवतोय, तेही कळत नाही.

अरे, आरती गायची असते ना? विठोबाची संथ उचलायची, देवीची वेगळ्या चालीत, शेवटी दुगण, म्हणजे दुप्पट लय. पखवाजवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून थांबतो, सावरून घेतो. मोटर कुणाकडे बघणार? तिचं आपलं एकसारखं ठण ठण ठण. आणि आम्ही तिच्यामागे धापा टाकत गायचं!

विचारलं तर विश्वस्त म्हणतात, "वाजवायला माणसं मिळत नाहीत." खोटं आहे हे, साफ खोटं! कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकड्याला पहाटे पाचला पोरं यायची, कानटोप्या घालून. झांज कुणी घ्यायची यावरून भांडायची. मीसुद्धा टाळ धरायला तिथेच शिकलो, कुठला क्लास लावला नव्हता. आता पोरांच्या हातात द्यायला काही ठेवलंच नाहीत, तर ती अंथरूण सोडून येतील कशाला? पखवाज खुंटीवर धूळ खातोय. त्याच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक घरून मळून आणणारे आजोबा वर्षभर देवळात फिरकलेले नाहीत. "या" म्हणायला त्यांच्या दारात कुणी गेलंय का? एक जण नाही!

परवा ऐन आरतीत लाईट गेली. यंत्र थांबलं आणि दुसऱ्या कडव्याला सगळे गप्प. शब्दच येत नव्हते कुणाला! पाठ असलेले आम्ही तिघं-चौघं, कशीबशी रेटली. पुजारीबुवा ताट धरून आमच्याकडे बघत उभे. आणि आरती संपल्यावर पहिली चर्चा कसली, तर यंत्र इन्व्हर्टरला जोडता येईल का! विठ्ठलासमोर उभं राहून हे बोलवतं तरी कसं?

देणगीदाराच्या नावाची पाटी हवी तर राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण यंदा कोजागरीच्या आत ते बटण बंद झालं पाहिजे. पखवाजाला नवी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, घालून आणा, खर्च मी देतो. आजोबांना बोलवायलाही मीच जातो.