दोन तास नव्हे, ९८ मिनिटं: दांडिया बाजारातल्या दुकानदाराचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. पाचपैकी एक तारा दिलात, आणि खाली लिहिलंत की बडोद्यात गिटार घ्यायला गेलो ही चूक झाली, दोन तास ताटकळत ठेवलं, कुणी धड बोललं नाही, हीच गिटार ऑनलाइन १,४०० रुपयांनी स्वस्त आहे, घरी ॲम्पला लावली तर घूंऽऽ आवाज येतो, आणि बावीस वर्षांनी पुन्हा वाजवायचा सगळा उत्साह मेला.

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. बसायला स्टूल दिलं नाही आणि चहा विचारला नाही, ही चूक आमचीच. वडील असते तर त्यांनी आधी मलाच दुकानाबाहेर उभं केलं असतं.

पण 'दोन तास' हे काही मला पटलेलं नाही. रात्री झोपताना तेच डोक्यात होतं, म्हणून सकाळी कॅमेऱ्यात वेळ बघितली. तुम्ही ६ वाजून १० मिनिटांनी आत आलात. बिलावर वेळ आहे ७.४८. म्हणजे ९८ मिनिटं. तीही कमी नाहीत, मान्य. पण ती कुठे गेली ते ऐका.

पहिली चाळीस मिनिटं तुम्ही स्वतः वाजवत होतात. मला आनंदच होता, कारण इतक्या वर्षांनी माणूस गिटार हातात घेतो तेव्हा त्याला घाई करू नये. बोटांवरचे घट्टे गेलेले असतात, पाच मिनिटांत तार टोचायला लागते, तरी तो थांबत नाही. तुम्ही कॉर्ट वाजवलीत, आयबानेझची जिओ वाजवलीत, यामाहाची पॅसिफिका दोनदा खाली ठेवून दोनदा उचललीत, आणि शेवटी ती लाल, स्ट्रॅटच्या आकाराची. मी तेव्हाच म्हणालो होतो की ट्रेमोलोची, म्हणजे सूर हलवायची, दांडी असलेली नको, स्थिर ब्रिजची घ्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात तो भाग न हलणारी. आठवत असेल. तरंगत्या ब्रिजमध्ये मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा एकमेकींना ओढून धरतात, एक तार उतरली की बाकीच्या पाच बेसूर होतात. रोज अर्धा तास मिळणाऱ्या माणसाचा त्यातला वेळ सूर लावण्यात जातो. तुम्ही म्हणालात, दिसायला हीच छान आहे. ठीक आहे, गिऱ्हाइकाची आवड.

मग ६.५० ला आम्ही तिची जुळणी सुरू केली. इथेच तुम्हाला वाटलं असेल की हे लोक उगाच वेळ काढताहेत. साहेब, खोक्यातून निघालेली गिटार वाजवण्यासारखी क्वचितच असते. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तार जवळजवळ ३ मिलिमीटर वर होती. एवढ्या उंचीवर तुम्ही कॉलेजात असतानाही बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा धरायचा सूरमेळ, दाबताना दात खाल्ले असते. वर तुमच्या बोटांना सोपं जावं म्हणून आम्ही तारांचा दहाचा सेट काढून नऊचा लावला (आकडा तारेच्या जाडीचा). नऊच्या तारा बारीक, ओढ कमी, त्यामुळे मान थोडी मागे जाते आणि तारा फ्रेटवर घासून झणझणायला लागतात. म्हणजे आतली सळई, ट्रस रॉड, पाव फेरा सैल करायची, बघायचं, परत करायची. शिवाय या गिटारीत मागच्या स्प्रिंगाही नव्याने बसवायच्या. मग प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तार नुसती स्पर्शून निघणारा सूर, आणि तिथेच दाबून वाजणारा सूर एक येतो का ते पाहायचं, नाही आला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, पुढेमागे. सहा तारा, सहा वेळा. हे दुकानातल्या दुकानात, पैसे न घेता. ऑनलाइनचे १,४०० वाचले असते, पण हे काम तिथे कुणी करून दिलं असतं का, एवढंच विचारतो. किमतीबद्दल बाकी काही बोलत नाही.

७.१० ला लाल गिटार तयार झाली. तुम्ही बाहेर फोनवर होतात. आत आलात आणि म्हणालात, फोटो घरी पाठवला होता, मुलगी म्हणते काळी घ्या.

मी काही बोललो का? एक अक्षर नाही. काळी उतरवली. (ती स्थिर ब्रिजची, दोन हंबकरवाली, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप असलेली. म्हणजे शेवटी तुम्ही मी सांगितलेलीच घेतलीत. मुलीला माझा नमस्कार सांगा.) तिलाही नऊचा सेट, तिचीही मान, तिच्याही सहा सॅडल. ती लाल अजून भिंतीवर आहे, नव्या तारा लावलेली, वाजवायला एकदम लोणी. त्या सेटचे पैसे आम्ही कुणाकडे मागितले नाहीत.

आता जे आमचं चुकलं ते. मध्येच एका गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्याचं काम मी घेतलं, दहा मिनिटं. त्यांच्या मिक्सरची केबल गेली होती आणि त्याच रात्री तालीम होती. तुम्ही नवरात्राच्या आदल्या शनिवारी आलात, साहेब. त्या दिवसांत दांडिया बाजारातून सूरसागरपर्यंत स्कूटर नेणं कठीण, आणि आमच्याकडे पोरं दोनच. त्यातला एक तुमच्याशी तुटक बोलला, तेही मान्य, त्याला समजावलं आहे. पण ९८ मधली आमची दहा. बाकीचा हिशेब वर दिला.

एक शब्द मात्र लागला. 'बडोद्यात गिटार घ्यायला गेलो ही चूक.' ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली, त्या गावाला हे ऐकावं लागतं. त्याच शाळेतून पुढे झालेल्या कॉलेजातल्या पोरांच्या पेट्या आणि तबले माझे वडील दुरुस्त करायचे, उधारीवर. त्यांनी दुकानात पहिली इलेक्ट्रिक गिटार टांगली तेव्हा शेजारचे हसले होते. माझ्यावर रागवा, गावाला कशाला मध्ये आणता?

घूं आवाजाचं सांगतो. तुमच्या गिटारीला हंबकर आहेत, त्यातली दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, ती एकमेकींतली घरघर खाऊन टाकतात. त्यामुळे शंका आधी प्लगची. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावला असेल तर काढा आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून बघा. ॲम्प ट्यूबलाइटपासून, मोबाइलच्या चार्जरपासून लांब ठेवा. तरीही आला तर केबल घेऊन या, बदलून देतो. आणि हो, तुम्हाला ४० वॉटचा ॲम्प हवा होता, मी १० वॉटचा दिला. तुम्हीच म्हणाला होतात की मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहता. त्यात माझं नुकसानच झालं, पण शेजाऱ्यांनी तुमची गिटार पहिल्याच आठवड्यात बंद केली असती.

उत्साह मेला असं लिहिलंत ते वाचून खरंच वाईट वाटलं. तुम्ही त्या चाळीस मिनिटांत एक जुनी सुरावट धरली होती, मधला बदल चुकत होता, पण हात विसरलेला नव्हता. दोन्ही पोरं काम सोडून ऐकत होती. कदाचित त्यातही दोन-तीन मिनिटं गेली.

यापुढे गर्दीच्या दिवसांत आधी वेळ देऊन बोलवायचं असा विचार आहे, बघू कसं जमतं. स्टूल आणलं आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मान पुन्हा थोडी हलेल, तेव्हा गिटार घेऊन या, जुळणी फुकट. सोमवारी बंद असतो, बाकी कधीही. चहा उधार आहे. एक ताऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी मागणार नाही. नवीन गिऱ्हाईक हल्ली दुकान बघायच्या आधी तेच बघतं एवढं फक्त सांगून ठेवतो.

येताना गिटारीच्या पिशवीचा पुढचा कप्पा बघा. त्यात एक छोटी षट्कोनी चावी आहे, मुठीला लाल टेप गुंडाळलेली. ती आमची आहे, गडबडीत तुमच्याबरोबर गेली.