पोपचंही ऐकणार नाही, म्हणे!

खेळायची पद्धत बदलायला पोपसुद्धा लावू शकणार नाही, असं मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे तेव्हाचे मॅनेजर रुबेन अमोरिम म्हणाले होते. अहो, पोप राहू द्या, गुणतक्ता तरी बघायचा! २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये युनायटेड पंधराव्या नंबरावर. ३८ सामने, ४२ गुण, १८ पराभव. वर बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमला आंदण.

तरी ३-४-३, म्हणजे मागे तीन, मधे चार, पुढे तीन, ही काळ्या दगडावरची रेघ होती. चारातले दोन विंगबॅक, म्हणजे कडेने वर-खाली धावणारे; मग ऐन मधे माणसं उरायची दोन, समोरच्या संघाची तीन. तिसऱ्याला धरायचं कुणी, ग्राउंड्समनने? त्या दोघांत एक कासेमिरो, ज्याचे पाय तिशीनंतर वळायला वेळ घ्यायचे. दुसरा ब्रुनो फर्नांडिस, जो खरं तर गोलजवळ हवा, पण त्याला आपल्याच बचावफळीपुढे राखणीला बसवला होता. विंगबॅक वर धावला की मागे मोकळं रान. ते बुजवायला मागच्या तिघांतला कडेचा बचावपटू बाहेर सरकला, की लगेच गोलसमोरच्या पेटीत भगदाड. हे अख्ख्या इंग्लंडला कळत होतं. मग बाकावरच्यांनाच कसं कळत नव्हतं?

आणि ग्रिम्सबी! चौथ्या श्रेणीतला संघ, ऑगस्ट २०२५, लीग कप. हाफटाइमला ०-२. कसेबसे २-२ केले, तर पेनल्टीत ११-१२ ने गारद. गोल मारण्यासाठीच आणलेला शेश्को पेनल्टीला कितवा आला? दहावा! त्याच्यामागे उरला फक्त गोलकीपर. आणि त्या सामन्यात मॅनेजर डगआउटमध्ये बसून डावपेचांच्या फळ्यावरच्या सोंगट्या सरकवत होते.

सरकवा, सरकवा. सोंगट्या हरत नाहीत ना!