सिमेंट म्हणजे फेविकॉल नव्हे
सांधा बदलण्यावरच्या लेखात म्हटलंय की कृत्रिम सांध्याचा धातू खरखरीत केला की बोन सिमेंट (तो हाडात बसवायचं सिमेंट) घट्ट धरतं, गुडघ्याच्या ट्रेचं (नडगीच्या हाडावर बसणारी धातूची चकती) ठीक आहे पण खुब्याला उलटंच झालंय बघा. एक्सेटर स्टेम (मांडीच्या हाडात बसणारा खुब्याचा धातूचा दांडा) १९७० ला आला तो चकचकीत, १९७६ ला मॅट, म्हणजे खरखरीत केला तर तेच जास्त ढिले व्हायला लागले, शेवटी १९८६ ला परत पॉलिश! मुळात हे सिमेंट चिकटवत नाही, हाडाच्या जाळीत शिरून अडकून बसतं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये असिस्ट करते, आमचे सर सिमेंट ग्लोव्हजला चिकटत असतानाच ट्रेच्या खाली थापतात आणि मज्जेची चरबी मध्ये येऊ देत नाहीत, तेलकट ताटाला कणीक चिकटते का, तसंच ते. सिमेंटचा वास मात्र डोक्यात जातो 😅